सहावं बोट

"अरे, हिचे पाय बघ. हातमोजे घातल्यासारखे!"

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सबमिशनचा आठवडा, रात्रीचा दीड वाजलेला, आणि आम्ही चौघे मेसच्या मागच्या पायरीवर थर्मासमधला चहा संपवत बसलो होतो. समोर एक करडी भाटी येऊन बसली. मोबाइलच्या उजेडात आम्ही तिची बोटं मोजली. मांजराला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी एकूण 18 बोटं असतात. हिला पुढे सहा-सहा, म्हणजे 20! रूम पार्टनरने तिथल्या तिथे बारसं केलं, 'फावडी'. सगळे हसले. मीही हसलो, आणि सवयीने डावा हात खिशात घातला.

कारण, मित्रहो, माझ्या डाव्या हाताला दोन अंगठे आहेत. विंगमधल्यांना हे ठाऊक आहे. "तुझी प्रॉक्सी तूच लावतोस का रे?" हा विनोद फर्स्ट इयरपासून चालू आहे. शाळेत तर मला नावच 'सहाबोट्या' पडलं होतं. आई म्हणायची, "नशीबवान असतात रे अशी माणसं." पण लग्नकार्यात फोटो काढताना तीच हळूच म्हणायची, "हात मागे घे."

फावडीमुळे मी पहिल्यांदा या विषयावर वाचायला बसलो. (सिलॅबस सोडून काहीही वाचायला आपल्याला वेळ असतोच!) कळलं की तिची भावंडं जगभर आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या की वेस्ट बेटावर लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेचं घर आहे. आज ते संग्रहालय आहे आणि तिथे पन्नासेक मांजरं राहतात. त्यातल्या साधारण निम्म्यांना जास्तीची बोटं आहेत. एका जहाजाच्या कप्तानाने हेमिंग्वेला तसं एक पांढरं मांजर दिलं होतं, अशी गोष्ट तिथे सांगतात. कॅनडातल्या जेक नावाच्या बोक्याची बोटं 2002 मध्ये मोजली, ती भरली 28. प्रत्येक पायाला सात!

खरी मजा कारणात आहे. गर्भात हात-पाय घडताना 'सॉनिक हेजहॉग' नावाचं जनुक काम करतं. नाव खरंच त्या व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून ठेवलंय. पण या जनुकाचा स्विच त्याच्याजवळ नाही, डीएनएमध्ये सुमारे दहा लाख अक्षरं लांब आहे. आपल्या हॉस्टेलचा पंप टाकीजवळ आणि स्विच गेटवरच्या वॉचमनकाकांच्या खोलीत, तसंच. हा स्विच एरवी करंगळीच्या बाजूला चालू होतो. हेमिंग्वेच्या मांजरांमध्ये त्या स्विचमधलं एकच अक्षर बदललेलं आहे, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. तेवढ्याने तो अंगठ्याच्या बाजूलाही चालू होतो आणि तिथे जास्तीचं बोट येतं. पंप नीट, पाइप नीट, फक्त वायरिंगमध्ये एक चूक! 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये त्यांचा स्विच काढून सापाचा बसवला, तर उंदरांना पायांच्या जागी नुसती खुंटं आली.

माणसातही याच स्विचमधल्या बदलांनी अंगठा दुहेरी होऊ शकतो. माझी तशी तपासणी कधी झालेली नाही. पण त्या रात्री रूमवर येऊन मी हात टेबललॅम्पखाली धरला आणि बराच वेळ बघत बसलो. शाप नाही, नशीब नाही, कदाचित एक अक्षर.

आमच्या गावच्या जत्रेत पाच पायांची गाय यायची. अंगावर झूल, आणि वशिंडाजवळ लोंबणारा एक इवला पाय. बायका हळदकुंकू लावायच्या, लोक पैसे टाकायचे. मला तेव्हा प्रश्न पडायचा, गायीला जास्तीचा पाय आला तर नमस्कार, मग मला बोट आलं तर हसू का?

अर्थात प्रत्येक वेगळेपण निरुपद्रवी नसतं. दुमडलेल्या कानांची 'स्कॉटिश फोल्ड' मांजरं दिसायला फार गोड. ही जात 1961 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेल्या सुझी नावाच्या मांजरीपासून सुरू झाली. पण कान दुमडणारा तोच दोष सगळ्या शरीरातली कूर्चा बिघडवतो, सांधे दुखतात. लोकांना गोड वाटतं म्हणून तरीही त्यांची पैदास होत राहिली. म्हणजे आपण 'वेगळं दिसतं का' एवढंच विचारतो, 'दुखतं का' हे विचारतच नाही. फावडीला दुखत नाही, ती भिंतीवर झकास चढते. मलाही अंगठा कधी दुखला नाही.

दिवाळीनंतर फावडीला चार पिल्लं झाली. मेसच्या मावशींनी मोजून सांगितलं, "दोघांना हायेत बघ सा-सा बोटं. लक्ष्मीची पावलं ती, कुणी हाकलायची न्हाईत." त्या रात्री घरी फोन केला. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी माझं ऑपरेशन उरकावं, असं बाबांचं वर्षभर चाललं होतं. मी त्यांना सहज पिल्लांचं सांगितलं, "एका आईबापाकडून आलं तरी साधारण निम्म्या पिल्लांना येतं, बाबा."

पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "मलाही होतं रे. चौथीत असताना काढलं. डाव्या अंगठ्याजवळ खूण आहे, तुला विळ्याची सांगितली होती ती."

एकवीस वर्षं ती खूण मी बघत आलो होतो.

"तुझं लहानपणीच करायचं होतं. तेव्हा पैसे नव्हते. माझ्यामुळे तुला ऐकून घ्यावं लागतं, असं वाटत राहतं."

काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, "बाबा, मला दुखत नाही. ऑपरेशनचं मी ठरवीन, इंटरव्ह्यूसाठी नाही."

"बरं," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "त्या पिल्लांचा फोटो पाठव."

पाठवला. पिल्लाला धरलेला माझा डावा हात त्यात आहे, सगळ्या बोटांसकट.