भिंतीतली जुनी तार

प्रकाशलहरींना वाहून नेणारे ‘ईथर’ नावाचे एक अदृश्य द्रव्य अवकाशात सर्वत्र भरलेले आहे, असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानीत असत. मायकेलसन व मॉर्ली यांनी १८८७ साली त्याचा माग काढू पाहिला. परंतु ते काही सापडेना. पुढे ती कल्पना मावळली, नाव मात्र मागे उरले. १९७३ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात, रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणकांना परस्परांशी जोडणाऱ्या एका तारेची योजना आखली आणि तिला हेच पोरके नाव दिले. ‘इथरनेट’ ती हीच. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्यासह त्यांनी उभारलेल्या पहिल्या जोडणीतून सेकंदाला सुमारे ३० लाख बिट, म्हणजे शून्य वा एक यांपैकी तितकी चिन्हे, धावत असत.

ही तार प्रारंभी जाड व महागडी होती. १९९० साली दूरध्वनीच्या तारेसारख्या पीळदार जोड्यांवरून सेकंदाला १ कोटी बिट नेण्याचे प्रमाण ठरले आणि तिचे रूप पालटले. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, असे म्हणून आपण पिळाला नावे ठेवतो. येथे मात्र पीळ हाच गुण आहे. जोडीतील दोन तारांतून परस्परविरुद्ध संकेत जातात. बाहेरचा उपद्रव पिळामुळे दोहोंवर सारखाच पडतो. पलीकडील यंत्र त्या दोहोंतील फरक तेवढा घेते, आणि उपद्रव आपोआप वजा होतो.

१९९५ साली हा वेग १० कोटींवर गेला, १९९९ साली १०० कोटींवर. घरोघरी पोहोचला तो हा शेवटचा वेग; आणि तेथेच तो दीर्घकाळ थबकला. २००६ मध्ये १,००० कोटींचे प्रमाण सिद्ध झाले खरे. परंतु त्याला लांब पल्ल्यासाठी अधिक चांगली तार हवी, उपकरणे तापत, आणि किंमत तर सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरची! भिंत फोडून नवी तार घालणे कोणाला परवडणार?

या अडचणीतून २०१६ साली मार्ग निघाला, तो पुढे धावून नव्हे, तर थोडे मागे सरून. १,००० कोटींचीच विद्या घ्यावी, पण तिची चाल चौथ्या हिश्शावर आणावी, असे ठरले. त्यातून सेकंदाला २५० कोटींचे प्रमाण जन्मास आले. भिंतीतली ‘कॅट ५-ई’ जातीची जुनी तारच १०० मीटरपर्यंत हा भार वाहू शकते. पुढे उपकरणे स्वस्त होत गेली, आणि केवळ टोकांवरची यंत्रे बदलून घराचा वेग अडीचपट होऊ लागला. १०० गिगाबाइटांचा चित्रसंग्रह एका संगणकातून दुसऱ्यात नेण्यास, अन्य अडथळा नसल्यास, पूर्वी तेरा मिनिटांहून अधिक लागत. आता साडेपाचही लागत नाहीत.

तथापि, विवेक येथेही हवाच. विहिरीला पाणी मुबलक असले, मोटही मोठी असली, तरी पाट अरुंद असेल तर मळ्याला पाणी मिळते ते पाटाच्या मापानेच. तारेचे एक टोक नवे आणि दुसरे जुने असेल, तर दोन्ही यंत्रे जुन्याच वेगावर एकमत करतात. साठवणीची तबकडी मंद असेल, तर वेगवान तार तिष्ठत राहते. बाहेरून येणारी इंटरनेटची जोडणीच १० कोटींची असेल, तर घरातल्या नव्या यंत्राने ती तिळमात्र वाढत नाही. ज्याच्या घरी मोठ्या संग्रहांची ने-आण नाही, त्याने केवळ शेजाऱ्याकडे पाहून खर्च का करावा?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे शहाणपण गृहस्थाला वाडवडिलांनी शिकविलेच आहे. शास्त्रज्ञांनीही एकदा तेच केले. सर्वांत मोठा वेग कोणता, एवढेच न विचारता, लोकांच्या घरात आधीच असलेल्या तारेला किती वेग पेलवेल, हे त्यांनी विचारले. म्हणूनच काही थोड्या कचेऱ्यांपुरते असलेले सामर्थ्य सामान्य घराच्या उंबरठ्याच्या आत आले.