काय उजेड पाडलास?

सुट्टीत घरी गेलं की हा प्रश्न ठरलेला. गेल्या दिवाळीत मात्र ताईने तो विचारला नाही, तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

ताई दातांची डॉक्टर. तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला तेव्हा तिने क्युअरिंग लाइट सेकंडहँड घेतला. जुना हॅलोजनवाला, पिस्तुलासारखा. दाढेत कंपोझिट भरायचं, वर चाळीस सेकंद निळा उजेड धरायचा, की दगड! पण गेले काही महिने तिने भरलेल्या दाढा परत येत होत्या. एका बाईंची तर एकच दाढ तिसऱ्यांदा.

"माझा हातच चांगला नाही रे," ती म्हणाली. असं बोलणारी ताई मी पाहिली नव्हती.

"लाइट बघितलास?"

"लागतोय की चांगला!" तिने ट्रिगर दाबला. निळाशार उजेड पडला.

मित्रांनो, गोम इथेच आहे. कंपोझिटमध्ये बहुतेक वेळा कॅम्फरक्विनोन नावाची पिवळी पूड असते. तिला हवा असतो 468 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश. त्या निळ्याला आपला डोळा मुळात मंद, त्यामुळे उजेड निम्मा झाला तरी तो 'झकास' म्हणतो. कंपोझिटचा वरचा थरही फसवतो. कमी उजेडातही तो कडक होतो, टोचणी लावली तर टणटण वाजतो. तळ मात्र कच्चा राहतो.

मग गावातल्या लेथवाल्या काकांकडून 6 मिलीमीटर जाड स्टीलच्या तुकड्यात 4 मिलीमीटरचं भोक पाडून आणलं. (काकांनी "जॉब कशाचा?" विचारलं. "दाढेचा" म्हटल्यावर पैसेच घेतले नाहीत.) भोकात कंपोझिट भरायचं, वरून लाइट मारायचा, बाहेर ढकलून खालचं मऊ खरवडायचं, उरलेली लांबी मोजून निम्मी करायची. आयएसओ 4049 मधली चाचणीच ही, निदान 1.5 मिलीमीटर मागते. आमचं व्हर्नियर म्हणालं 1.1. आणि ताई थर भरत होती 2 मिलीमीटरचे.

ती खुर्चीत बसली. मी प्लग काढून लाइट उघडला.

काचेच्या टोकावर जुन्या कंपोझिटचं कवच चढलं होतं. ते काढल्यावर 1.3. बल्ब 12 व्होल्ट 75 वॅटचा, आतून काळवंडलेला. अशा बल्बचं आयुष्य साधारण 50 ते 100 तास, आणि हा कधी बदलला होता देव जाणे. पंख्याच्या जाळीत धूळ, म्हणून उष्णता आत कोंडलेली. ती बल्बलाही खाते, रिफ्लेक्टरलाही. मुळात 75 वॅटमधून उरतं किती? 8 मिलीमीटरच्या टोकाशी चौरस सेंटीमीटरला 400 मिलीवॅट धरा, म्हणजे एकूण 0.2 वॅट. बाकी सगळी ऊब! नवा बल्ब टाकला, 1.9 आलं. आम्ही चहा घेतला.

संध्याकाळी सात वाजता पुन्हा मोजलं तर 1.6! गावात त्या वेळी व्होल्टेज पडतं. साध्या ट्रान्सफॉर्मरवरच्या हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के उतरलं की प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो, निळा तर त्याहून जास्त. शिवाय मागच्या दाढेत टोक काही मिलीमीटर लांबच राहतं, तिथे आणखी घट. तिसऱ्यांदा आलेल्या बाई शिक्षिका होत्या. शाळा सुटल्यावर सातलाच यायच्या.

ताईने नंतर एलईडीचा लाइट घेतला, रेडिओमीटरही. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरांना 2014 चं नोबेल मिळालं, पण टोक पुसायचं काम तिघांनीही आपल्यावरच ठेवलंय. बॅटरीकडेही लक्ष ठेवावं लागतं.

त्या रात्री मात्र ती रजिस्टर घेऊन बसली. लाइट घेतल्यापासूनच्या सगळ्या फिलिंगवर लाल पेनाने खुणा केल्या.

"सगळ्यांना बोलावणार?"

"तपासायला. पैसे न घेता."

"काय सांगशील?"

"लाइट खराब होता, आणि मी तपासला नव्हता."

मी म्हटलं, दुसरं वाक्य गाळलं तरी चालेल. तिने माझ्याकडे बघितलं फक्त, आणि पहिला फोन शिक्षिकाबाईंना लावला.