मूळपदावर

थोरले बंधू निवर्तल्यानंतर त्यांचा संगणक बेळगावास वहिनींकडे तसाच राहिला होता. गेल्या उन्हाळ्यात तो फारच मंदावला, तेव्हा त्याला कारखान्यातून आल्या वेळच्या मूळ स्थितीस न्यावे, असे पुतण्याने सुचविले. विंडोज १० मध्ये याचे दोन मार्ग असतात. एकात सारेच पुसले जाते. दुसऱ्यात आपल्या फाइली राहतात, पण मागाहून बसविलेले प्रोग्रॅम जातात. बंधूंनी लिहिलेल्या बालपणीच्या आठवणी त्यातच असल्याने आम्ही दुसरा मार्ग पत्करला व निश्चिंत झालो.

काम आटोपल्यावर वहिनींनी ती फाइल उघडली, तो पडद्यावर नुसती रोमन अक्षरे व चित्रविचित्र चिन्हे! "भाऊजी, हे काय हो झाले?" म्हणत त्या मटकन खाली बसल्या.

कारण साधे होते. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसविलेले असत. बंधूंचा फाँट तसाच होता, आणि तो प्रोग्रॅमांबरोबर गेला होता. मजकूर शाबूत होता, पण वाचता येत नव्हता. सुदैवाने त्यांच्या मेजाच्या खणात फाँटची सीडी सापडली. तो पुन्हा बसविताच ओळीमागून ओळ उमटू लागली.

वाचकहो, असे काही करण्यापूर्वी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर अवश्य घ्या. परंतु त्या ज्या फाँटात लिहिल्या, तोही सोबत जपा.

वहिनींनी मात्र त्याच संध्याकाळी सारी पाने कागदावर छापून घेतली.