पेन्सिलीची नोंद

आरंभ पाहून शेवटाविषयी निर्णय देण्याची मनुष्याला मोठी हौस असते. मृगाचा पाऊस वेळेवर आला की तो वर्ष सुकाळाचे ठरवितो. आणि पहिल्या परीक्षेत मुलाला कमी गुण पडले की त्याच्या भवितव्याचाही निकाल लावून मोकळा होतो. यवतमाळ जिल्ह्यात अरुणावती नदीच्या काठी आर्णी नावाचे गाव आहे. तेथील एक वृद्ध शेतकरी मात्र या हौसेपासून कटाक्षाने दूर राहत. नातू त्यांना आबाजी म्हणे. म्हणून सारी आळीही त्यांना आबाजीच म्हणू लागली होती.

आबाजींना ध्यास दोनच गोष्टींचा : शेतातील कपाशी आणि विदर्भाचा क्रिकेट संघ. रणजी करंडकाच्या स्पर्धेत विदर्भ १९५७-५८ पासून उतरत होता. मुंबईने तो करंडक चाळीसहून अधिक वेळा जिंकला. विदर्भाला मात्र तेवढ्या काळात अंतिम सामनाही गाठता आला नव्हता. तरीही आबाजींची निष्ठा कधी ढळली नाही. हंगामातील प्रत्येक सामन्याचे टिपण ते एका जाड वहीत करीत. त्यांचा एक नियम होता : हंगामाच्या आरंभीची नोंद पेन्सिलीने करायची, शाई वापरायची ती कस लागल्यानंतरच. कोणी कारण विचारले तर ते म्हणत, "उलंगवाडी झाल्याशिवाय कपाशीचा हिशेब मांडू नये."

२०१७ च्या ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला. पहिलाच सामना मोहालीला, पंजाबसारख्या बलाढ्य संघाशी होता. विदर्भाने पंजाबला १६१ धावांत गुंडाळले, स्वतः ५०५ धावा उभारल्या, आणि दुसऱ्या डावात पुन्हा २२७ धावांत बाद करून एक डाव व ११७ धावांनी विजय मिळविला. नागपूरहून येणारे वर्तमानपत्र हाती घेऊन बारा वर्षांचा नातू धावतच ओसरीवर आला.

"आबाजी, यंदा करंडक आपलाच! आज तरी शाईने लिहा."

आबाजी हसले. त्यांनी पेन्सिलीला टोक केले आणि वहीत तीन प्रश्न मांडले. धावा एकट्यादुकट्याच्या आहेत की अनेकांच्या? समोरच्या संघाला दोन्ही डावांत बाद करण्याचे बळ गोलंदाजांत आहे काय? आणि संकट आले असता संघ कसा वागतो? पहिल्या दोन प्रश्नांपुढे त्यांनी समाधानाची खूण केली. कर्णधार फैज फजल धीराचा फलंदाज होता, वसीम जाफरचा दीर्घ अनुभव पाठीशी होता, आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांची शिस्त तर प्रसिद्धच होती. तिसऱ्या प्रश्नापुढची जागा मात्र कोरी राहिली. शेवटी त्यांनी लिहिले : "आरंभ उत्तम. कस लागलेला नाही."

नातू हिरमुसला. एवढ्या मोठ्या विजयाचे आबाजींना काहीच कसे वाटत नाही, हे त्याला उमगेना.

त्याचे उत्तर त्याला शेतात मिळाले. त्या वर्षी पहिली वेचणी मनाजोगी झाली होती, आणि पऱ्हाट्या बोंडांनी लगडलेल्या होत्या. परंतु विदर्भावर गुलाबी बोंडअळी कोसळली. वरून हिरवे, टणक दिसणारे बोंड आबाजींनी नातवाच्या देखत फोडले. आत शुभ्र कापसाऐवजी किडलेली, पिवळी पडलेली कवडी होती. मुलगा कितीतरी वेळ त्या बोंडाकडे पाहत राहिला.

"आबाजी, आपला संघही असाच निघेल का?" त्याने हळूच विचारले.

"तसे मी म्हटले नाही, बाळ. फोडून पाहिल्याशिवाय आतले कळत नाही, एवढेच."

संघ मात्र आतूनही सकस निघाला. गटातील सहापैकी चार सामने जिंकून आणि दोन अनिर्णित राखून विदर्भाने पहिले स्थान पटकाविले. उपांत्यपूर्व सामन्यात केरळचा ४१२ धावांनी पराभव झाला. मग डिसेंबरात कोलकात्याला कर्नाटकाशी उपांत्य सामन्याची गाठ पडली, आणि आबाजींच्या तिसऱ्या प्रश्नाची घटिका आली. कर्नाटकाला विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. त्यांचा डाव १९२ वर संपला. अवघ्या पाच धावांनी विदर्भ जिंकला! त्या डावात सात बळी घेणारा रजनीश गुरबाणी हा तरुण गोलंदाज. आबाजींच्या ऑक्टोबरातील टिपणात त्याच्या नावाची एक ओळही नव्हती.

त्या रात्री आबाजींनी वही उघडली. पण हात सवयीने पेन्सिलीकडेच गेला. नातवाने विचारले, "आबाजी, आता तर कस लागला ना? मग पेन्सिल कशाला?"

आबाजी निरुत्तर झाले. इतकी वर्षे ज्याला ते सावधपणा समजत होते, त्याच्या आड एक भीतीही लपली होती. पुष्कळदा निराश झालेले मन पुन्हा आशा करण्यास भीत होते. घाईने स्तुती करणे हा जसा दोष, तसाच पुरावा समोर असताना स्तुतीला कचरणे हाही दोषच. त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि शाईने लिहिले : "अंतिम सामन्यात काहीही होवो, हा संघ उत्तम आहे."

इंदूरच्या अंतिम सामन्यात गुरबाणीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर दिल्लीचे तीन गडी टिपले; अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून दिल्लीवर मात केली आणि रणजी करंडक प्रथमच विदर्भात आला.

आनंदाच्या भरात नातवाने खोडरबर आणले आणि ऑक्टोबरातील ती पेन्सिलीची नोंद तो पुसू लागला. आबाजींनी त्याचा हात धरला.

"राहू दे, बाळ. तेव्हा जेवढे दिसत होते, तेवढेच लिहिले होते. ते खोटे नव्हते, अपुरे होते."

त्या वर्षी कापसाने आबाजींच्या घरात फारसे काही आणले नाही. तोही हिशेब त्यांनी त्याच शाईने वहीच्या शेवटच्या पानावर मांडला. मग वही मिटून त्यांनी ती नातवाच्या हाती दिली. सोबत पेन्सिल दिली, आणि लेखणीही.