चार चाकांवरचा बिछाना

प्रवासाची हौस मोठी आणि पैसा बेताचा, ही मध्यमवर्गीय संसाराची जुनीच कुचंबणा आहे. त्यातून घरात वृद्ध माणूस असले, की निवासगृहांचे जिने, तळमजल्यावरच्या खोलीची वानवा, अपरिचित अंथरुणे या अडचणींची भर पडते. अशा कुटुंबाने दिवसा घरगुती कामाची आणि रात्री निजण्याची अशी दुहेरी उपयोगाची व्हॅन घेतली, तर पुष्कळशी सोय होते.

आमच्या घरी हा विचार निघाला तो मातोश्रींमुळे. वय ७६, गुडघे थकलेले. आणि इच्छा एकच, महेश्वरला नर्मदेवरचा सूर्योदय पाहण्याची. इंदूरहून महेश्वर सुमारे ९० किलोमीटर आहे. परंतु पहाटे तेथे असायचे, तर आदली रात्र तेथेच काढणे भाग होते.

बाजारात तीन पर्याय दिसले. पहिला, जुनी ओम्नी. १९८४ मध्ये आलेल्या या मारुती व्हॅनने अनेक संसार वाहिले. परंतु चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्र्याखेरीज फारसे काही नाही, आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादनही थांबले. दुसरा, मालवाहू ईको. मागे ऐसपैस जागा; पण मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीत मागे माणसे बसविता येत नाहीत. तिसरा, पाच आसनांची जुनी ईको. किंमत थोडी अधिक. तथापि प्रत्येकाला आसन आणि पट्टा. ज्या गाडीत आईला बसवायचे, तिची स्वस्ताई केवळ किमतीत मोजून कसे चालेल? आम्ही ईको पसंत केली.

जुनी गाडी घेताना नोंदणीपत्र, विमा आणि चासी क्रमांक ताडून पाहावेत. गाडीखाली वाकून गंज तपासावा. सरकते दार अडखळते का, ते चार वेळा उघडून पाहावे. आणि टेप घेऊन आतली लांबी स्वतः मोजावी. उंच माणसाला पाय पसरता येतील की नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये.

आता अंतर्गत सजावटीचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगती मोडतोड करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. म्हणून पत्र्याला एकही भोक न पाडण्याचे ठरले. सुताराकडून प्लायवूडच्या तीन फळ्या बिजागऱ्यांनी जोडून घेतल्या. रात्री मागच्या आसनाची पाठ पाडून त्या लाकडी खोक्यांवर पसरावयाच्या. दिवसा घडी करून पट्ट्याने आवळावयाच्या. खोक्यांत भांडी, वर तीन घड्यांची कापसाची गादी, आणि चढण्यासाठी एक बुटके स्टूल. खिडकीला वेल्क्रोने मच्छरदाणीचे कापड लावले. बिछाना दोघींपुरता; पुरुषमंडळींना शेजारी तंबू.

दोन नियम मात्र कडक ठेवावेत. शेगडी गाडीत कदापि पेटवू नये. बंद जागेत साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निजताना काचा थोड्या उघड्या असाव्यात. तसेच २० लिटर पाण्याचा डबा २० किलो भरतो. जड वस्तू खाली आणि बांधलेल्या असाव्यात. घाट उतरताना सुटा डबा पुढे घसरतो.

महूमार्गे निघाल्यावर विंध्याच्या कडेला अहिल्याबाईंनी बांधविलेला जाम दरवाजा लागतो. तेथून निमाडचा सखल प्रदेश खाली पसरलेला दिसतो, आणि उतार सुरू होतो. तो खालच्या गियरमध्ये, सावकाश उतरावा. मंडलेश्वरवरून महेश्वरला पोहोचल्यावर आम्ही एका निवासगृहाच्या आवारात, परवानगी घेऊन व रीतसर पैसे देऊन, मुक्काम केला. नदीकाठी परस्पर गाडी लावून निजणे धोक्याचे, आणि गावालाही उपद्रवाचे.

पहाटे घाटाच्या पायऱ्या आईला उतरवेनात. वरच खुर्ची मांडली. नर्मदा येथे पश्चिमेस वाहते. डावीकडे, प्रवाहाच्या उगमदिशेने आभाळ उजळू लागले आणि पाण्यावर तांबूस रेघ उमटली. आईने बसल्या जागेवरूनच हात जोडले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

सोमवारी फळ्या माळ्यावर गेल्या आणि तीच गाडी गव्हाची पोती आणावयास बाजारात गेली. वर्षातून चार सहली करणाऱ्या कुटुंबाला चाकांवरचे घर नको असते. घडी घालून ठेवता येईल असा बिछाना पुरेसा होतो. जे सहज मांडता येते आणि सहज आवरता येते, तेच संसारात टिकते.