हिरव्या ठिपक्याच्या पलीकडे

गेल्या रमजानच्या आधी आमच्या शाळेत शिक्षकांची रक्ततपासणी झाली. सगळ्याजणी गेल्या म्हणून मीही गेले. रिपोर्ट हातात आला तेव्हा वाटले, नावांची अदलाबदल झाली असावी. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.९. माझे वजन अवघे ४९ किलो! लग्नात भेटणारी प्रत्येक खाला मला विचारते, "बेटी, कुछ खाती नहीं क्या?" आणि मधुमेह मला?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजनकाट्यावर विसंबू नका. आपली माणसे बाहेरून बारीक असतात, चरबी आत असते." नंतर वाचले, तर हे ज्ञान आपल्या पुण्यातलेच निघाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे राहून काढलेला स्वतःचा फोटो छापला होता. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

"दिवसभरात काय खाता?" बाईंनी विचारले. सकाळी चहा-बिस्किटे. मधल्या सुट्टीत खारी किंवा वेफर्स. घरी परतल्यावर मुलाबरोबर झटपट नूडल्स. रमजानमध्ये बाटलीतले सरबत आणि फ्रीजरमधले समोसे. सांगता सांगता माझा आवाज खाली आला.

खरे तर आमच्या घरात पाकिटे फार काळजीने वाचली जातात. मिस्टर कोंढव्यातल्या दुकानात उभे राहून आधी हिरवा ठिपका पाहतात. मग जिलेटिन आहे का, ४७१ क्रमांकाचा पदार्थ वनस्पतिजन्य आहे की प्राणिजन्य, याची चौकशी करतात. तेवढे झाले की आम्ही निश्चिंत! पण सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत 'हलाल'च्या जोडीला 'तय्यिब' हा शब्दही आहे. तय्यिब म्हणजे शुद्ध, चांगले, मानवेल असे. आपण पहिला शब्द घट्ट धरला आणि दुसरा कधी हातातून सुटला ते कळलेही नाही.

त्या रात्री मी घरातली सगळी पाकिटे काढून बसले. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, हे तेव्हा नीट लक्षात आले. 'गव्हाचे' म्हणून आणलेल्या बिस्किटांत पहिले नाव मैद्याचे, दुसरे साखरेचे, तिसरे पामतेलाचे होते. गहू कुठेतरी शेवटी होता. सगळ्या पुड्यांवर हिरवा ठिपका मात्र होता.

प्रक्रिया केलेले सगळेच अन्न वाईट, असे मी म्हणत नाही. दही, लोणचे, भाजलेले चणे, सुकी मासळी यांवरही प्रक्रिया असतेच. ब्राझीलचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये वेगळीच रेघ ओढली. स्वयंपाकघरात कधी नसतात असे पदार्थ वापरून कारखान्यात जुळवलेले अन्न त्यांनी 'अतिप्रक्रियित' म्हणून वेगळे काढले. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी वीस माणसांना दोन आठवडे असे अन्न दिले आणि दोन आठवडे साधे. समोर ठेवलेल्या ताटांत साखर, मीठ, चरबी सारखीच होती, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. कारखान्यातले अन्न खाताना माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार मार्गदर्शनात असे पदार्थ कमी करायला सांगितले आहे.

मग वाटते, अम्मीचे दिवस बरे होते. मोमीनपुऱ्यातल्या घरी ईदच्या आधी खाटेवर शेवया वाळत असायच्या. पण मी नीट आठवू लागले की दुसरेही दिसते. तिच्या फडताळात वनस्पती तुपाचा पिवळा डबा होता. त्यातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत आली. आणि रमजानभर अम्मी दुपारपासून चुलीपाशी असायची. मगरिबची अजान झाली की आम्ही दस्तरखानावर आणि ती कढईसमोर, तोंडात एक खजूर टाकून. तिला सगळ्यांबरोबर बसून रोजा सोडताना मी फारसे पाहिलेच नाही. पाकिटातल्या समोशांनी मला दस्तरखानावर बसवले, हे मी कसे नाकारू? 'घरचे खा' असे सांगणाऱ्यांनी ते घरचे कोण करणार, हेही सांगावे.

म्हणून या वेळी आम्ही कामे वाटली. फळे मिस्टर चिरत. चणे भिजवून उकडायचे काम मुलाचे. सरबताच्या बाटलीऐवजी लिंबू, सब्जा आणि चिमूटभर मीठ. समोसे जुम्म्यालाच. रोजे ठेवायचे की नाही, हे मी डॉक्टरांना विचारून ठरवले. आजाऱ्याला सवलत आहे, हे आपण दुसऱ्याला सांगतो, स्वतः मात्र घेत नाही. त्यांनी गोळीची वेळ बदलली, साखर कितीपर्यंत खाली आली की रोजा सोडायचा तो आकडा लिहून दिला, आणि मी तो पाळला. ईदनंतरच्या रिपोर्टात आकडा ६.४ होता. गोळी अजून चालू आहे.

मोहल्ल्यातल्या इफ्तारच्या पुड्यांत खजूर, केळे आणि उकडलेले चणे घातले तर सवाब कमी होणार नाही. वेफर्सची पुडी मात्र तेवढी वगळावी, एवढीच विनंती.

परवा मुलगा दुकानात बिस्किटाचा पुडा उलटसुलट करत उभा होता. "अम्मी, ठिपका हिरवा आहे, पण पहिले नाव मैद्याचे." असे म्हणून त्याने तो पुडा घेतलाच. पंधरा वर्षांचा आहे. मी काही बोलले नाही. वाचून घेतला, सध्या तेवढे पुरे.