लोलक उभा करताना

लोलक डोक्यावर उभा करायचा, हा नियंत्रण अभियांत्रिकीतला जुना प्रयोग आणि माझा सर्वांत आवडता. लवळ्याच्या टेकडीवरच्या आमच्या प्रयोगशाळेत तो रुळावर धावणाऱ्या गाडीवर आहे. गाडीला मोटर, दांड्याच्या सांध्यात कोन मोजणारा एन्कोडर. मोटरची ताकद बेताचीच. एका हिसक्यात दांडा वर जात नाही.

मुलं लगेच समीकरण सरळ करून घेतात, साइनच्या जागी नुसता कोन लिहितात. दांडा उभ्याच्या जवळपास असेल तोवर ते चालतं. खाली लोंबणाऱ्या दांड्यापुढे ते गणित थिटं पडतं. तिथे कार्ल योहान ऑस्ट्रॉम आणि कात्सुहिसा फुरुता यांनी 2000 साली मांडलेली रीत मला फार सुंदर वाटते: कोनाच्या मागे लागू नका, ऊर्जेचा हिशेब ठेवा. उभं राहायला लागणारी ऊर्जा आणि आत्ताची ऊर्जा यांतली तूट बघून गाडी हलवायची. झोका देणाऱ्याच्या हातांना हे उपजतच ठाऊक असतं. दांडा आडवा असताना गाडी कितीही ओढा, भर पडत नाही. टोकाला क्षणभर थबकतो तेव्हाही नाही. तळातून वेगानं जाताना दिलेला धक्का पुरेपूर लागू पडतो. ऊर्जा जास्त झालीच, तर चिन्ह उलटतं आणि तोच नियम ती काढून घेतो. दांडा अगदी निश्चल असेल तर मात्र उत्तर शून्य येतं. पहिलं बोट आपणच लावायचं.

वर पोचल्यावर उभ्याजवळ तोल सांभाळणाऱ्या दुसऱ्या नियमाच्या हाती सोपवायचं. खरं कसब इथे लागतं. नुसता कोन बघून सोपवलं तर भरवेगात आलेला दांडा मोटरला आवरत नाही. कोन आणि वेग, दोन्ही बघावे लागतात.

दोघांनी मिळून काम वाटून घेण्याचं असंच उदाहरण जवळच आहे. आमच्याच मुळशी तालुक्यातल्या धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सुमारे 500 मीटर उतरून पेल्टन चाकांवर आदळतं. भार अचानक गेला तर चाक भरधाव सुटू पाहतं. धार कमीजास्त करणारी सुई झटकन मिटली तर पाइपातला दाब धोकादायक वाढेल. म्हणून पेल्टन चाकाला दोन उपाय असतात: डिफ्लेक्टर क्षणात धारेत शिरून ती चाकावरून बाजूला वळवतो, आणि सुई मागाहून सावकाश मिटते. लोलकाचा तास संपवताना मी फळ्यावर हेच काढतो, आणि दोन्हींपैकी कुणी कधी पुढे व्हायचं ते मुलांना ठरवायला लावतो.